डॉ. एडिथ पीची-फिप्सन : अल्प चरित्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही त्या प्रघातास थोडी मुरड घातली आहे. ज्यांचे चरित्र आम्ही पुढे देत आहोत त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत, आपल्या देशाच्याही नव्हत. इंग्लंडातील एका खेड्यात त्या जन्मल्या आणि इंग्लंडातच त्यांनी देह ठेविला. परंतु आयुष्याच्या ऐन उमेदीची वीसांहून अधिक वर्षे त्यांनी मुंबईत, आपल्या आयाबहिणींच्या शुश्रूषेत खर्ची घातली. मंडळाच्या गुणगौरव समारंभात वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलींची नावे पुकारली जातात, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा गजर होतो. त्या मुलींना ज्या दारातून आत जाता आले ते दार एके काळी स्त्रीजातीला बंद होते, आणि ते उघडण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्यांत ह्या बाईंचे स्थान फार वरचे आहे, ह्याची आठवण पुष्कळांना नसते. ती करून द्यावी एवढाच ह्या लेखाचा हेतू होय.

एडिथ पीची ह्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यातील लँगहॅम ह्या गावी झाला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक असून त्यांनी एडिंबरो विद्यापीठातून पदवी घेतली होती. आई वकिलाची कन्या असून तिला ग्रीक भाषा अवगत होती. घरात पैसा बेताचा, पण विद्येचे वातावरण भरपूर. अशा घरातील मुलीला त्या काळी उपजीविकेचा एकच प्रतिष्ठित मार्ग असे, तो म्हणजे शिक्षिकेचा. एडिथबाईंनीही काही वर्षे तोच पत्करला. तथापि त्यांचे मन वैद्यकशास्त्राकडे ओढ घेत होते, आणि तेथे तर वाटेत कायद्याची भिंत उभी होती.

ही भिंत कशी उभी राहिली हे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील हकीकत नीट समजणार नाही. इंग्लंडात १८५८ पर्यंत डॉक्टर कोणाला म्हणावे ह्याविषयी मोठा गोंधळ होता. विद्यापीठे, वैद्यांची व शल्यवैद्यांची महाविद्यालये, औषधी विकणाऱ्यांचे मंडळ अशा सुमारे एकोणीस संस्था आपापले परवाने देत, आणि त्याशिवाय भोंदू वैदूंचा सुळसुळाट होता तो वेगळाच. रोग्यांची फसवणूक टळावी म्हणून प्रामाणिक डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि १८५८ साली पार्लमेंटने वैद्यकीय कायदा मंजूर केला. त्या कायद्याने डॉक्टरांची एक वैद्यकीय परिषद स्थापन झाली व डॉक्टरांचे एक सरकारमान्य रजिस्टर सुरू झाले. ज्याचे नाव रजिस्टरात नसेल त्याला फीसाठी कोर्टात दावा लावता येईना, कायद्याने लागणारा दाखला सही करून देता येईना, सरकारी नोकरीही मिळेना. कायदा उत्तम होता, हेतूही निर्मळ होता. आजही आपण ज्याच्यापुढे हात करून नाडी दाखवितो तो खरा डॉक्टर आहे हा विश्वास अशाच नोंदणीच्या जोरावर बाळगतो. मुंबई इलाख्यात असा कायदा १९१२ साली झाला, महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याने वैद्यकीय परिषदेची घडी बसली, आणि २०२० पासून सबंध देशासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग काम पाहत आहे. ह्या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी जो विचार आहे तो १८५८ च्या त्या कायद्याचाच.

परंतु चांगल्या नियमालाही कधी कधी वाईट फळ येते. स्त्रियांना डॉक्टर होता येणार नाही असे त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. मात्र रजिस्टरात नाव येण्यासाठी त्या एकोणीस संस्थांपैकी एकीचा परवाना हवा, आणि त्यांपैकी एकही संस्था स्त्रीला परीक्षेस बसू देत नव्हती. परदेशात पदवी घ्यावी तर नव्या कायद्याने परदेशी पदवीस नोंदणीचा हक्क उरला नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल ह्या बाई कायद्यापूर्वीच अमेरिकेत पदवी घेऊन आल्या होत्या, म्हणून १८५९ साली त्यांचे नाव कसेबसे लागले. एलिझाबेथ गॅरेट ह्यांनी औषधी विकणाऱ्यांच्या मंडळाच्या नियमांतील एक फट हेरून १८६५ मध्ये परवाना मिळविला, परंतु त्या आत शिरताच मंडळाने नियम बदलून ती फट बुजवून टाकली. अशा रीतीने भोंदूंना बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत आता लायक माणसांनाही बाहेर ठेवू लागली.

ह्याच सुमारास सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या एका तेजस्वी तरुणीने एडिंबरो विद्यापीठाकडे वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला. एकट्या बाईसाठी निराळी व्यवस्था करता येत नाही असे उत्तर आले. त्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतून इतर स्त्रियांना साद घातली. १८६९ साली त्या सादेला ज्यांनी प्रथम ओ दिली त्यांत एडिथबाई होत्या. आपली पूर्वतयारी तुटपुंजी आहे, परंतु साधारण बुद्धी, चिकाटी आणि विषयाची खरी आवड एवढ्यावर काम भागत असेल तर आपण येण्यास सिद्ध आहोत, अशा आशयाचे विनयपूर्ण पत्र त्यांनी सोफियाबाईंना धाडले. ही साधारण बुद्धी किती साधारण होती ते लवकरच दिसून आले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात प्रवेशपरीक्षेला एकशे बावन्न उमेदवार बसले होते. त्यांत स्त्रिया अवघ्या पाच. निकाल लागला तेव्हा पहिल्या सात क्रमांकांत चार स्त्रिया होत्या. पुढे ह्या विद्यार्थिनींची संख्या सात झाली आणि एडिंबरोच्या सात म्हणून त्या इतिहासात प्रसिद्ध आहेत.

स्त्रियांचे वर्ग पुरुषांपासून वेगळे भरत आणि त्यासाठी त्यांना फीही अधिक द्यावी लागे. विषय मात्र तेच, परीक्षाही तीच. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत एडिथबाईंनी सबंध वर्गात तिसरा क्रमांक पटकाविला. वरचे दोघे विद्यार्थी त्या विषयाच्या वर्गास पूर्वी एकदा बसलेले होते, म्हणून नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्तीवर हक्क एडिथबाईंचा होता. परंतु प्राध्यापकांनी ती त्यांना न देता त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांस दिली. कारण असे सांगण्यात आले की, स्त्रियांचा वर्ग निराळा भरत असल्याने त्या खऱ्या अर्थाने त्या वर्गाच्या विद्यार्थिनीच नव्हत. विद्यापीठाचे कांस्यपदक मात्र त्यांना देण्यात आले. ज्या वर्गात त्या नव्हत्या त्याच वर्गाचे पदक त्यांना कसे मिळाले, हे कोडे कोणी उलगडून सांगितले नाही. आणखी आश्चर्य असे की, होप नावाच्या ज्या प्राध्यापकांच्या नावे ती शिष्यवृत्ती होती त्यांच्या लोकप्रिय व्याख्यानांना एके काळी स्त्रियांचीच गर्दी लोटत असे आणि त्या व्याख्यानांच्या उत्पन्नातूनच तो निधी उभा राहिला होता. ह्या अन्यायाची वार्ता वृत्तपत्रांतून गावोगाव पोहोचली. ज्यांनी पूर्वी स्त्रियांच्या शिक्षणाचा कधी विचारही केला नव्हता असे लोक विचार करू लागले. एडिथबाईंची शिष्यवृत्ती गेली, पण त्यांच्या पक्षाला पहिले लोकमत त्या शिष्यवृत्तीने मिळवून दिले.

विरोधकांचा पक्षही येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सर रॉबर्ट ख्रिस्टिसन ह्यांच्यासारखे विद्वान व नामांकित वैद्य त्या पक्षाचे पुढारी होते. शरीरविच्छेदनासारखे विषय स्त्रियांनी शिकणे शालीनतेस सोडून आहे, स्त्रियांची प्रकृती ह्या कष्टांस पुरणार नाही, रोगी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. धंद्यातील मिळकत वाटली जाईल ही भीती कोणी उघड बोलून दाखवीत नसले तरी पुष्कळांच्या मनात ती होतीच. थोरांच्या मतांचे पोरांच्या हाती काय होते ते १८ नोव्हेंबर १८७० रोजी दिसले. त्या दिवशी शरीररचनाशास्त्राची परीक्षा शल्यवैद्यांच्या महाविद्यालयात, म्हणजे सर्जन्स हॉल नामक इमारतीत होती. विद्यार्थिनी तेथे पोहोचल्या तेव्हा शेकडोंचा जमाव वाट अडवून उभा होता. शिव्या आणि चिखल ह्यांचा मारा झाला, दरवाजा त्यांच्या तोंडावर लावून घेण्यात आला. आतील एका सज्जनाने दार उघडून त्यांना आत घेतले. परीक्षा चालू असता कोणी एक मेंढीही दालनात घुसवून दिली. विद्यार्थिनींनी चिखलाने भरलेल्या वस्त्रांनिशी परीक्षा पुरी केली. ह्या प्रसंगानंतर काही सुविचारी विद्यार्थी, विशेषतः आयर्लंडचे तरुण, त्यांना संरक्षण देऊन घरापर्यंत पोहोचवू लागले, हेही सांगितले पाहिजे. दुष्टपणा सार्वत्रिक नव्हता, फक्त त्याचा आवाज मोठा होता.

चिखल धुऊन टाकता येतो, नियम धुता येत नाही. एडिंबरोच्या सातांची खरी कसोटी पुढेच होती. १८७२ साली विद्यापीठाने एक तोड सुचविली : पदवीचा आग्रह सोडा, आम्ही तुम्हांला प्रावीण्याचे प्रमाणपत्र देऊ. वरवर पाहता ही तोड समंजस वाटेल. थकलेल्या माणसाने ती पत्करलीही असती. परंतु १८५८ च्या कायद्याप्रमाणे रजिस्टरात नोंद पदवीची होते, प्रमाणपत्राची होत नाही. ते प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली स्त्री कायद्याच्या दृष्टीने भोंदू वैदूच्याच पंगतीस बसली असती. एडिथबाई आणि त्यांच्या सोबतिणींनी ते नाकारले. पुरुषांना जी परीक्षा तीच आम्हांला द्या, तीत उणे पडलो तर नापास करा, परंतु उत्तीर्ण झालो तर तीच पदवी द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांना सवलत नको होती. आमच्या मते ह्या सबंध चरित्रात मनावर ठसवून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे.

प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायाधीशांनी स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, परंतु १८७३ मध्ये वरच्या न्यायालयाने थोड्या मताधिक्याने तो फिरविला. विद्यापीठाला स्त्रियांना प्रवेश देण्याचा मुळी अधिकारच नव्हता असे ठरले. चार वर्षांचे शिक्षण पाण्यात गेले आणि वर दाव्याच्या खर्चाचा बोजाही ह्या स्त्रियांवर पडला. आता दोनच मार्ग उरले : घरी परतणे, किंवा कायदाच बदलून घेणे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. १८७४ साली सोफियाबाईंच्या पुढाकाराने लंडन येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा निघाली. तिच्या पहिल्या चौदा विद्यार्थिनींपैकी बारा जणी एडिंबरोच्या लढ्यातून आलेल्या होत्या. शाळा निघाली तरी परीक्षा कोण घेणार हा प्रश्न उभाच होता. तेव्हा सोफियाबाई, एडिथबाई आणि इझाबेल थॉर्न ह्या तिघींनी इंग्लंडच्या शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला, कारण तोही परवाना नोंदणीस पात्र होता. महाविद्यालयाच्या कायदेपंडितांनी सांगितले की, ह्यांना नाही म्हणता येत नाही. त्यावर १८७६ साली त्या विषयाच्या सर्व परीक्षकांनी एकदम राजीनामे दिले. परीक्षकच नाहीत म्हटल्यावर परीक्षा कोठून होणार!

परंतु अशा युक्त्यांनीच शेवटी विरोधकांचा पक्ष दुबळा झाला. प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला होता. वैद्यकीय परिषदेचा अभिप्राय मागविण्यात आला, आणि १८७५ साली परिषदेने, अनेक अडचणींचा उल्लेख करूनही, स्त्रियांना ह्या व्यवसायातून वगळावे असे म्हणता येत नाही, असे मत दिले. पुढच्याच वर्षी, १८७६ च्या ऑगस्टात, रसेल गर्नी ह्यांनी मांडलेला कायदा मंजूर झाला. त्या कायद्याने कोणत्याही संस्थेवर सक्ती केली नाही. ज्यांना स्त्रियांची परीक्षा घ्यावयाची असेल त्यांनी ती घ्यावी, एवढी मोकळीक दिली. त्याप्रमाणे आयर्लंडच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने प्रथम आपले दार उघडले. एडिथबाई तोपर्यंत स्वित्झर्लंडातील बर्न येथे जाऊन, जर्मन भाषेत परीक्षा देऊन, १८७७ च्या जानेवारीत एम. डी. झाल्या होत्या. त्याच वर्षी डब्लिन येथील परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळविला आणि त्यांचे नाव रजिस्टरात आले. एका नावाच्या नोंदीसाठी आठ वर्षे लागली.

त्यानंतर लीड्स शहरी सुमारे सहा वर्षे त्यांनी व्यवसाय केला आणि चांगला लौकिक मिळविला. सुखाने राहावे असा तो काळ होता. परंतु त्यांच्या नशिबी मुंबई लिहिलेली होती.

त्या काळच्या आपल्या घरांतील स्थिती वाचकांनी आठवून पाहावी. अनेक घराण्यांत जुन्या बायकांच्या तोंडी अडलेल्या बाळंतिणींच्या कथा अजून सांगितल्या जातात. माजघरातील अंधारी खोली, शेगडीचा धूर, सुईणीचे अडाणी हात, आणि बाहेर ओसरीवर बसलेली हताश पुरुषमाणसे. डॉक्टर गावात असला तरी तो पुरुष, म्हणून त्याला आत बोलावणे घराण्याच्या अब्रूस बाध आणणारे वाटे. किती आया आणि किती अर्भके ह्या संकोचापायी गेली त्याची गणती कोणी ठेविली नाही. आनंदीबाई जोशी ह्यांचे अर्भक दहा दिवसांचे होऊन गेले, आणि त्याच दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय करून १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी, इकडून आनंदीबाई गेल्या असता, तिकडून एडिथबाई मुंबईस आल्या.

हा योग जुळवून आणण्याचे श्रेय मुंबईतील काही उदार गृहस्थांना आहे. जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांनी हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक फंड उभारला. इंग्लंडातून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर आणाव्यात, स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी रुग्णालय काढावे, आणि ते स्त्री-डॉक्टरांच्याच हाती असावे, अशी त्यांची योजना होती. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. १८८३ च्या नोव्हेंबरात ड्यूक ऑफ कॉनॉट ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि डिसेंबरात एडिथबाई मुंबई बंदरात उतरल्या. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाने व ग्रँट मेडिकल कॉलेजानेही स्त्रियांना आपली दारे मोकळी केली. रुग्णालयाची इमारत उभी होईपर्यंत एडिथबाईंनी दवाखाना चालविला, हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली, आणि १८८६ साली कामा रुग्णालय सुरू होताच त्याचा सर्व कारभार हाती घेतला. ते रुग्णालय आज मुंबईत कामा व आल्ब्लेस ह्या नावाने उभे आहे. तेथे ज्यांचा जन्म झाला असे वाचक आमच्या ह्या अंकालाही पुष्कळ असतील.

रुग्णालयात त्यांनी केवळ औषधोपचार केले असे नाही. परिचारिकांच्या शिक्षणाची सोय त्यांनी केली. स्त्री-डॉक्टरला पुरुष-डॉक्टराइतकेच वेतन व तोच दर्जा मिळाला पाहिजे ह्यासाठी त्यांनी आग्रह धरिला. एडिंबरोला प्रमाणपत्र नाकारणाऱ्या बाई मुंबईत दुय्यम वेतन कसे पत्करणार? मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची नेमणूक झाली. असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

ह्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेले लग्न मान्य करून नवऱ्याच्या घरी नांदण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८४ पासून चार वर्षे तो वाद न्यायालयात व वर्तमानपत्रांत चालला. नांदावयास जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये झाला. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. ह्या सर्व काळात एडिथबाई रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या होत्या. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा एडिथबाईंनी उचलून धरली, मदतीची जुळवाजुळव केली, आणि १८८९ साली रखमाबाई विलायतेस निघाल्या. ज्या शाळेत त्यांनी नाव घातले ती लंडनची स्त्रियांची वैद्यकीय शाळा, म्हणजे एडिंबरोहून हाकलून लावलेल्या विद्यार्थिनींनी जी उभी केली तीच. १८९० मध्ये बालविवाहाच्या प्रश्नावर एडिथबाईंनी मुंबईच्या हिंदू समाजापुढे भाषण केले. कोवळ्या मुलींवर अकाली मातृत्व लादल्याने काय होते हे त्या रुग्णालयात डोळ्यांनी पाहत होत्या. म्हणून त्यांचे बोलणे उपदेशकाचे नव्हते, डॉक्टरचे होते. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. त्या वेळी आपल्या समाजातील मोठमोठी माणसे कोणत्या बाजूस उभी होती, हे आठवले म्हणजे आजही मान खाली घालावी लागते.

१८८९ साली एडिथबाईंनी मुंबईतील व्यापारी हर्बर्ट फिप्सन ह्यांच्याशी विवाह केला. फिप्सनसाहेब मद्याचे व्यापारी, परंतु छंद पशुपक्ष्यांचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही जगप्रसिद्ध संस्था वाढविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि तिचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळिले. लग्नानंतर एडिथबाईंनी काम सोडले नाही. अतिश्रमाने व मधुमेहाने प्रकृती खालावली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालयाची जबाबदारी खाली ठेविली, पण खाजगी व्यवसाय चालूच होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा त्या पुन्हा पुढे सरसावल्या, आणि सरकारी बंदोबस्तातील दोष दाखवून देण्यासही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. ह्या उभयतांच्या नावाने नाशिकजवळ स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी एक आरोग्यधामही झाले.

१९०५ साली उभयतांनी हिंदुस्थान सोडला. इंग्लंडात परतल्यावर स्वस्थ बसणे एडिथबाईंच्या स्वभावात नव्हते. स्त्रियांना मताधिकार मिळावा ह्या चळवळीत त्या सामील झाल्या, आणि १९०७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या पावसाचिखलातून निघालेल्या स्त्रियांच्या मोठ्या मिरवणुकीत त्या पुढच्या रांगेत चालल्या. तरुणपणी अंगावर आलेल्या चिखलाची त्यांना त्या दिवशी आठवण झाली असेल काय, असे आमच्या मनात येते. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्करोगाने त्यांना घेरले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. मे थॉर्न ह्या इझाबेल थॉर्न ह्यांच्या कन्या होत्या. आईला जी पदवी नाकारण्यात आली ती मुलीने मिळविली होती, आणि आईच्या मैत्रिणीवर उपचार करण्याचे तिच्या वाट्यास आले. १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथे एडिथबाईंचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. पतीने त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या त्याच वैद्यकीय शाळेत एक शिष्यवृत्ती ठेविली.

आता एक शेवटची गोष्ट सांगून आम्ही हे चरित्र पुरे करतो. रखमाबाई १८९४ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांना मिळालेला परवाना स्कॉटलंडच्या तीन वैद्यकीय संस्थांचा संयुक्त परवाना होता, आणि त्या तिहींत एडिंबरोचे शल्यवैद्यांचे महाविद्यालय होते. ज्या इमारतीच्या दारात १८७० साली एडिथबाईंच्या अंगावर चिखल फेकण्यात आला त्याच महाविद्यालयाने चोवीस वर्षांनी मुंबईच्या एका मराठी बाईला डॉक्टर म्हणून मान्यता दिली. त्या परवान्याच्या बळावर रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली आणि १९५५ साली पूर्ण वार्धक्यात त्या निवर्तल्या. एडिंबरो विद्यापीठानेही १८९४ मध्येच स्त्रियांना वैद्यकीय पदवी देण्याचे ठरविले. ज्या सातांना त्याने नाकारले होते त्यांना मात्र ती मिळण्यास ६ जुलै २०१९ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी त्यांना मरणोत्तर पदव्या देण्यात आल्या, आणि त्या वेळी तेथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी त्या त्यांच्या वतीने स्वीकारल्या.

ह्या चरित्राचा बोध काय, असे कोणी विचारील. आम्हांस तो असा वाटतो. डॉक्टरांची नोंदणी करणारा कायदा एडिथबाईंनी कधीही मोडा म्हटले नाही. भोंदूंना बाहेर ठेवणारी भिंत त्यांना हवीच होती, आणि भिंतीला दार असावे व ते लायकीच्या किल्लीने उघडावे, एवढाच त्यांचा हट्ट होता. आपणही ज्ञातीची माणसे आहोत, आणि ज्ञाती म्हटली की नियम आले. समुद्रपर्यटन केलेल्यास प्रायश्चित्त सांगणारे, शिकणाऱ्या मुलीला नावे ठेवणारे, विधवेला कोपऱ्यात बसविणारे नियम आपल्याच वडीलधाऱ्यांनी केले होते, आणि तेही समाजाच्या रक्षणासाठीच केले असे ते मनापासून मानीत. ख्रिस्टिसनसाहेबही तसेच मानीत होते. नियम करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे नियम शुद्ध राहतो असे नाही. कोण बाहेर राहिले आणि का राहिले, हे मधून मधून दार उघडून पाहावे लागते.

आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना मिळते. तिच्या नियमांची तपासणी करताना आमच्या कार्यकर्त्यांनी एडिंबरोच्या त्या होप शिष्यवृत्तीची आठवण ठेवावी, आणि आपल्या घरातील एखादी मुलगी वैद्यकीय अभ्यासाची गोष्ट काढील तेव्हा वडीलमंडळींनी तिला नाही म्हणण्यापूर्वी लँगहॅमच्या त्या शिक्षिकेची आठवण करावी, एवढी आमची नम्र विनंती आहे. एडिथबाईंचे ऋण आपणांस ह्याच रीतीने थोडेफार फेडता येईल.